हात बांधण्यापूर्वी : रुग्णबंधनाचा सुरक्षित व उचित वापर

(परिचर्या विभागाच्या अभ्यासवर्गातून)

वार्षिक अहवालात आपण दरवर्षी रुग्णालयाचा जमाखर्च, शस्त्रक्रियांचा तपशील आणि नव्या यंत्रसामग्रीची माहिती वाचता. त्याचबरोबर परिचर्या विभागाच्या अभ्यासवर्गातील एखादा विषयही आमचे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्त यांच्यापुढे मांडावा, असे आम्हांस वाटते. यंदा निवडलेला विषय काहीसा अप्रिय आहे. रुग्णाचे हातपाय बांधून ठेवणे, हा तो विषय होय. पाहुण्यांना रुग्णालय दाखविताना असे दृश्य सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही. रुग्णाच्या मुलाला किंवा लेकीला मात्र ते एखाद्या पहाटे अचानक दिसते आणि पुढे आयुष्यभर विसरता येत नाही. म्हणूनच या विषयावर मौन पाळणे आम्हांस उचित वाटले नाही.

एक प्रसंग

खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेले एक वृद्ध शेतकरी आमच्या अस्थिरोग वॉर्डात दाखल होते. पहिले दोन दिवस ते शांत होते. तिसऱ्या रात्री मात्र त्यांना स्थळकाळाचे भान राहिले नाही. "बैल सुटलेत, मला गोठ्यात जाऊ द्या," असे म्हणत ते पलंगावरून उतरू लागले. त्यांनी सलाईनची सुई ओढून काढली. रात्रपाळीला एक परिचारिका आणि एक मावशी एवढ्याच होत्या, आणि वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला दुसरा रुग्ण अत्यवस्थ होता. आजोबा पडले तर नुकतेच जोडलेले हाड पुन्हा मोडेल, या भीतीने त्यांचे दोन्ही हात गॉज बँडेजने पलंगाच्या कठड्याला बांधण्यात आले. पहाटेपर्यंत ते ओरडत राहिले; मग थकून गप्प झाले.

सकाळी त्यांची मुलगी चहाचा थर्मास घेऊन आली. बांधलेले हात पाहून तिने आरडाओरडा केला नाही. तिने एवढेच विचारले, "सिस्टर, माझ्या बाबांनी कुणाचं काय चोरलं होतं हो?" या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाजवळही उत्तर नव्हते.

थोड्याच वेळाने डॉक्टरांनी फेरीत रुग्णाचे पोट तपासले, तेव्हा मूत्राशय तुडुंब भरलेले आढळले. आदल्या दुपारी लघवीची नळी काढण्यात आली होती आणि त्यानंतर त्यांना लघवी झालीच नव्हती. ती नोंद कोणी पाहिली नव्हती. नळी पुन्हा घातल्यावर तासाभरात त्यांची तगमग थांबली. भ्रम पूर्ण ओसरण्यास आणखी दोन दिवस लागले. मनगटांवरचे लाल वळ त्याहून अधिक दिवस राहिले.

त्या रात्रीच्या परिचारिकेच्या मनात क्रौर्य नव्हते. रुग्ण पडू नये हाच तिचा हेतू होता. परंतु जो माणूस वेदनेने तळमळत होता आणि ती वेदना शब्दांत सांगू शकत नव्हता, त्याचे सांगण्याचे उरलेले एकमेव साधनही आम्ही बांधून टाकले होते. ही चूक त्या एका परिचारिकेची नसून आम्हां सर्वांची होती. पुढील सर्व विवेचन त्या चुकीतून आम्ही जे शिकलो त्याचे आहे.

बंधन कशास म्हणावे?

परिचर्येच्या भाषेत यास 'रिस्ट्रेन्ट' म्हणतात. रुग्णाला स्वतःहून सोडविता येणार नाही अशा रीतीने त्याच्या शरीराची हालचाल रोखणारी प्रत्येक गोष्ट म्हणजे बंधन होय. मनगटाचा वा घोट्याचा पट्टा हे तर बंधन आहेच. पण रुग्णाने खाली उतरू नये म्हणून दोन्ही बाजूंनी वर केलेले पलंगाचे कठडे, अंगावरून घट्ट खोचलेली चादर आणि खुर्चीसमोर अडकविलेला टेबलाचा फळकुटाही बंधनच ठरतो. रोगाच्या उपचारासाठी नव्हे, तर केवळ रुग्ण गप्प राहावा म्हणून दिलेले गुंगीचे औषध हेही न दिसणारे बंधनच आहे.

याउलट मोडलेल्या हाडाचे प्लास्टर, स्ट्रेचरवरून नेताना लावलेला पट्टा किंवा लहान मुलाला इंजेक्शन देताना आईने क्षणभर धरलेला हात यांस आपण बंधन म्हणत नाही. ती त्या उपचाराचीच थोड्या काळापुरती गरज असते. वस्तू तीच असली तरी तिचा हेतू आणि कालावधी यांवरून तिचे स्वरूप बदलते, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

साखळदंड ते कायदा

मनोरुग्णांना साखळदंडांनी जखडून ठेवण्याची प्रथा जगात सर्वत्र होती. फ्रान्समध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र येथील रुग्णालयात १७९७ मध्ये रुग्णांच्या साखळ्या काढण्यात आल्या. याचे श्रेय बहुधा फिलिप पिनेल या विख्यात वैद्याला दिले जाते. प्रत्यक्षात ते काम ज्याँ-बाप्तिस्त प्युसाँ या वॉर्डच्या देखरेख अधिकाऱ्याने केले. प्युसाँ हा वैद्य नव्हता. तो त्याच रुग्णालयात पूर्वी रुग्ण म्हणून राहिलेला होता. रात्रंदिवस रुग्णांजवळ वावरणाऱ्या माणसाला ही गोष्ट प्रथम उमगली, हे परिचर्येच्या क्षेत्रातील आम्हां सर्वांस विशेष वाटते. पुढे इंग्लंडमध्ये जॉन कॉनोली यांनी १८३९ मध्ये हॅनवेल येथील मोठ्या मनोरुग्णालयात यांत्रिक बंधनांचा वापर बंद करून दाखविला.

आपल्या देशाला हा धडा फार मोठी किंमत मोजून मिळाला. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांना ठेवण्याच्या एका खासगी ठिकाणी पहाटे आग लागली. साखळ्यांनी बांधलेल्या रुग्णांना पळता आले नाही आणि २८ जणांचा अंत झाला. त्या घटनेनंतर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली.

आज मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ अमलात आहे. मनोरुग्णास साखळीने बांधणे त्याच्या कलम ९५ अन्वये सर्वथा निषिद्ध आहे. कलम ९७ अन्वये रुग्णास एकांत कोठडीत ठेवता येत नाही. शारीरिक बंधनही रुग्णास किंवा इतरांस होऊ घातलेली तात्काळ इजा टाळण्याचा अन्य कोणताही मार्ग उरला नसेल तेव्हाच, आणि उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाच्या संमतीनेच वापरता येते. ते गरजेपेक्षा क्षणभरही अधिक ठेवू नये; त्याची पद्धत, कारण व कालावधी रुग्णाच्या कागदपत्रांत तात्काळ नोंदवावा; रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीस २४ तासांच्या आत कळवावे, असे हे कलम सांगते. बंधन ही शिक्षा असू शकत नाही. तसेच केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणून बंधन वापरता येणार नाही, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे.

हा कायदा मानसिक आरोग्य संस्थांसाठी आहे. परंतु अस्थिरोग वॉर्डातील संभ्रमित आजोबांची प्रतिष्ठा मनोरुग्ण वॉर्डातील रुग्णाहून कमी कशी असेल? म्हणून हीच तत्त्वे आम्ही आमच्या सर्व वॉर्डांस लागू मानली आहेत.

बांधल्याने काय होते?

बांधलेला रुग्ण सुरक्षित असतो, हा समज सर्वत्र आढळतो. पण अनुभव तसे सांगत नाही. रुग्ण सुटण्यासाठी धडपडतो आणि त्या धडपडीत पट्टा मनगटात रुततो. रक्तप्रवाह अडल्यास बोटे निळी व थंड पडतात; मज्जातंतू दबल्यास हातास बधिरता वा दुबळेपणा येऊ शकतो. छातीवरचा पट्टा सरकून गळ्याशी आल्यास किंवा रुग्णास पालथे दाबून धरल्यास श्वास कोंडून मृत्यू ओढवू शकतो. उताणे बांधलेल्या रुग्णास उलटी झाली तर त्यास कुशीवर वळता येत नाही आणि उलटी श्वासनलिकेत जाते. एकाच स्थितीत पडून राहिल्याने शय्याव्रण होतात, पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या धरतात, स्नायू झपाट्याने क्षीण होतात. उंच कठडे ओलांडू पाहणारा रुग्ण पडतो तेव्हा तो नुसत्या पलंगावरून पडण्यापेक्षा अधिक उंचीवरून पडतो.

याखेरीज एक दुष्टचक्र आहे. संभ्रमित रुग्णास बांधले की त्याची भीती वाढते, भीतीने संभ्रम वाढतो आणि संभ्रम वाढला म्हणून बंधन आणखी आवळले जाते. वृद्ध रुग्णांमध्ये बंधन हे स्वतःच संभ्रमावस्थेचे एक कारण ठरते, असे अभ्यासांतून आढळले आहे.

आधी कारण शोधावे

आपले जुने लोक अशा रुग्णास 'वात झाला' म्हणत. वैद्यकीय भाषेत यास 'डिलिरियम' म्हणजे संभ्रमावस्था म्हणतात. ती अचानक सुरू होते, दिवसभरात कमीअधिक होते आणि रात्री बहुधा बळावते. हे वेड नव्हे, की म्हातारपणाचा हट्टही नव्हे. शरीरात कोठेतरी काहीतरी बिघडल्याची ती घंटा आहे. म्हणून पट्टा हाती घेण्यापूर्वी प्रत्येक परिचारिकेने पुढील प्रश्न स्वतःस विचारावेत, असा आमचा पाठ आहे :

१. रुग्णास वेदना होत आहेत काय? वेदनाशामक औषधाची वेळ टळली आहे काय?

२. लघवी शेवटची केव्हा झाली? शौचास किती दिवस झाले नाहीत?

३. रक्तातील प्राणवायू आणि साखर यांचे प्रमाण कमी झालेले नाही ना?

४. ताप आहे काय? छातीचा, लघवीचा वा जखमेचा जंतुसंसर्ग झाला असेल काय?

५. शरीरातील पाणी व सोडियमसारखे क्षार कमी झाले आहेत काय?

६. आज कोणते नवे औषध सुरू झाले? रोज मद्य घेणाऱ्या रुग्णाचे मद्य अचानक तुटले आहे काय?

७. चष्मा, श्रवणयंत्र किंवा कवळी उशाच्या कपाटात पडून राहिली आहे काय?

८. गेल्या दोन रात्रींत रुग्णास सलग झोप मिळाली आहे काय?

आरंभी सांगितलेल्या प्रसंगात दुसरा प्रश्न त्या रात्री विचारला गेला असता, तर हात बांधण्याची वेळच आली नसती.

बांधण्याऐवजी काय करता येते?

अमेरिकेत डॉ. शॅरन इनॉय आणि सहकाऱ्यांनी सत्तर वर्षांवरील ८५२ रुग्णांचा एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात कोणतेही महागडे औषध नव्हते. रुग्णास वेळ व ठिकाण यांची आठवण करून देणे, लवकर उठवून चालविणे, रात्री शांतता राखून झोप मिळू देणे, चष्मा व श्रवणयंत्र वापरावयास देणे आणि पुरेसे पाणी पाजणे, एवढेच उपाय होते. नेहमीची शुश्रूषा मिळालेल्यांपैकी १५ टक्के रुग्णांना संभ्रमावस्था झाली. या उपायांच्या गटात हे प्रमाण ९.९ टक्के राहिले.

हे सारे आपल्याकडेही शक्य आहे. प्रत्येक खोलीत दिसेल असे घड्याळ आणि मोठ्या अक्षरांचे कॅलेंडर असावे. रात्री मंद दिवा ठेवावा. पलंग शक्य तितका खाली करावा. दर दोन तासांनी लघवीबाबत विचारावे. सलाईनची जागा सदऱ्याच्या लांब बाहीखाली झाकावी, म्हणजे हात सारखा तेथे जात नाही. अस्वस्थ हातांना घडी घालण्यासाठी एखादा टॉवेल किंवा ओढण्यासाठी जपमाळ द्यावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ही नळी अजून हवीच आहे काय, हा प्रश्न रोज विचारावा. जी नळी काढून टाकता येते, तिच्या रक्षणासाठी हात बांधण्याचे कारणच उरत नाही.

बांधावेच लागले तर

कधीकधी खरोखरच पर्याय उरत नाही. कृत्रिम श्वासोच्छ्वासावरील रुग्ण भ्रमात श्वासनळी उपसू पाहतो. एखादा रुग्ण शेजारच्यावर धावून जातो. अशा वेळी बंधन टाळणे हाच हलगर्जीपणा ठरेल. मात्र तेव्हा पुढील नियम पाळलेच पाहिजेत.

आदेश : डॉक्टरांचा लेखी, वेळ घातलेला आदेश हवा. आणीबाणीत परिचारिका आधी बंधन लावू शकते, परंतु डॉक्टरांनी तात्काळ येऊन रुग्ण पाहिला पाहिजे. 'गरज पडेल तेव्हा बांधावे' असा मोघम आदेश आम्ही ग्राह्य धरीत नाही. अमेरिकेच्या नियमांत हिंसक वर्तनासाठीचा एक आदेश प्रौढांसाठी जास्तीत जास्त ४ तास, ९ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी २ तास आणि त्याहून लहान मुलांसाठी १ तासच चालतो. मुदत आखून देण्याचे हे तत्त्व अनुकरणीय आहे.

साधन : गॉज बँडेज, दोरी, ओढणी किंवा साडीचा काठ कदापि वापरू नये, अरुंद वस्तू ओढली की दोरासारखी रुतते. रुंद, मऊ, अस्तर लावलेला पट्टाच वापरावा. केवळ नळी ओढण्याची भीती असेल तर हातमोजासारखी मऊ पिशवी पुरते. हात बांधावा लागत नाही.

पद्धत : सर्वांत कमी बंधनाने काम भागवावे. पट्टा व त्वचा यांच्या मध्ये दोन बोटे सहज सरकली पाहिजेत. पट्टा पलंगाच्या चौकटीस बांधावा, वरखाली होणाऱ्या कठड्यास नव्हे. कठडा हलला की हात हिसकला जातो. गाठ एका ओढीत सुटणारी असावी आणि रुग्णाच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी असावी. आग लागली किंवा हृदयक्रिया थांबली तर गाठ सोडविण्यात एक क्षणही जाता कामा नये. रुग्णास कुशीवर किंवा डोक्याकडील बाजू उंच करून ठेवावे. पालथे कधीही नाही.

देखरेख : लावताच आणि त्यानंतर वारंवार, हिंसक रुग्णाबाबत दर १५ मिनिटांनी, बोटांचा रंग, ऊब, नाडी, संवेदना व हालचाल तसेच श्वसन पाहावे. निदान दर दोन तासांनी एकेक बंधन सोडून सांधे हलवावेत, कूस बदलावी, त्वचा तपासावी, पाणी पाजावे व लघवी-शौचाची सोय करावी. प्रत्येक वेळी प्रश्न एकच असावा : आता सोडता येईल काय?

संवाद : रुग्ण भ्रमात असला तरी त्यास सांगावे, "आजोबा, नळी निघू नये म्हणून थोडा वेळ हात धरून ठेवतोय, मी इथेच आहे." शब्द कळले नाहीत तरी स्वर कळतो. नातेवाइकांना दृश्य दिसण्यापूर्वी कारण कळले पाहिजे.

नोंद : कोणते पर्याय आधी करून पाहिले, बंधन केव्हा व का लावले, केव्हा सोडले, हे सर्व लिहावे. ज्याची नोंद नाही त्यातून कोणी शिकत नाही.

रुग्णांच्या आप्तांस

काही वेळा नातेवाईकच थकून म्हणतात, "सिस्टर, बांधून ठेवा हो, आम्हांला जरा डोळा लागू दे." आपला थकवा आम्हांस कळतो. तरीही आपली संमती हे बंधनाचे कारण होऊ शकत नाही. कारण वैद्यकीयच असावे लागते. उलट, बंधन दिसल्यास "का बांधले, किती वेळासाठी, केव्हा सोडणार?" असे विचारण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे. मात्र आम्हांस न सांगता स्वतः गाठ सोडू नये किंवा स्वतः बांधूही नये.

आपण फार मोठी मदत करू शकता. घरचा चष्मा, श्रवणयंत्र, नेहमीची चादर आणावी. रुग्ण रोज मद्य वा झोपेची गोळी घेत असल्यास संकोच न करता सांगावे. भ्रमात बोललेल्या गोष्टींवर वाद घालू नये. बैल सुटले म्हणाले तर "दादाने बांधले, काळजी करू नका," एवढे म्हणावे. ओळखीच्या आवाजाने आणि हातावर ठेवलेल्या हाताने जे साधते, ते कोणत्याही पट्ट्याने साधत नाही.

विश्वस्त व देणगीदारांस

शेवटी एक गोष्ट स्पष्टपणे मांडणे आमचे कर्तव्य आहे. त्या रात्री वॉर्डात आणखी एक व्यक्ती असती, तर ती आजोबांच्या उशाशी बसली असती. बंधनाचा प्रश्न वरवर पाहता परिचारिकेच्या हातातील पट्ट्याचा दिसतो. मुळात तो रात्रपाळीच्या तक्त्याचा, म्हणजेच अंदाजपत्रकाचा प्रश्न आहे. मनुष्यबळाची उणीव हे बांधण्याचे कारण होऊ शकत नाही, असे कायदा म्हणतो. तेव्हा ती उणीव भरून काढण्याची जबाबदारी परिचारिकेवर नव्हे, संस्थेवर येते.

नव्या यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते. रात्री दोन वाजता एका म्हाताऱ्याचा हात धरून बसलेल्या मावशीच्या पगारावर अशी पाटी लावता येत नाही. उंची कमी करता येणारे पलंग, मऊ पट्टे, भिंतीवरची घड्याळे, परिचारिकांचे प्रशिक्षण आणि रात्रपाळीतील एक जादा माणूस, ही आमची मागणी दिसण्यास लहान आहे. आपण आजवर या रुग्णालयास जे भरभरून दिले, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोतच. या न दिसणाऱ्या कामासही आपला हातभार लागावा, अशी नम्र विनंती आहे.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तेव्हा देऊ शकलो नाही. तोच प्रश्न पुन्हा कोणा लेकीला विचारावा लागू नये, एवढ्यासाठी हा पाठ आम्ही दरवर्षी नव्या परिचारिकांना शिकवितो आणि स्वतःही पुन्हा शिकतो.